अट क्रमांक सात

थोरलीच्या हातून ऑफिसात कधी खोटं टाइप झालं नव्हतं. सकाळी आंघोळ झाली की ती देवापुढे बसायची, डोळे मिटायची आणि रोज एकच मागायची, आज माझ्या तोंडून खोटं येऊ देऊ नकोस. एकवीस वर्षं हा नेम तिने सांभाळला होता, दुखण्यातही आणि प्रवासातही. शेजारच्या टेबलावरचे कारकून नव्या माणसाला आधीच सावध करत. "बाईंना चहा कसा झालाय ते विचारू नका. त्या सांगतील."

ऑफिस पाळणाघरांच्या परवान्यांचं होतं. तपासनीस बाई घरोघरी जाऊन पाहणी करायच्या, शेरा लिहायच्या, आणि काही खटकलं असेल तर त्या पाळणाघराच्या परवान्यावर विशेष अट पडायची. अटी कुणी मनाने लिहायच्या नव्हत्या. बारा ठरलेल्या अटींची यादी थोरलीच्या टेबलावर काचेखाली होती. एक म्हणजे खिडक्यांना जाळी. तीन म्हणजे एका वेळी सहाच मुलं. तपासनीस बाई शेऱ्याच्या कोपऱ्यात पेन्सिलीने आकडा टाकायच्या, थोरली त्या आकड्याचं वाक्य परवान्यावर टाइप करायची आणि चार वाजता साहेब सह्या करायचे. वाचायचे नाहीत. थोरलीच्या हातचा कागद वाचायचा, म्हणजे गाळून घेतलेलं पाणी पिण्याआधी पुन्हा गाळायचं, असं ते म्हणत.

त्या सोमवारी तिच्यापुढे धाकटीची फाईल आली.

धाकटी म्हणजे तिची धाकटी जाऊ. चार गल्ल्या पलीकडे, दुसऱ्या मजल्यावर तिचं पाळणाघर होतं, आणि परवाना माहेरच्या नावावर असल्यामुळे ऑफिसात कुणाला नातं ठाऊक नव्हतं. शेरा मजेशीर होता. तपासनीस बाई जिना चढत होत्या आणि दीड वर्षाचं एक पोर जिना उतरत होतं. दोघांची गाठ मधल्या पायरीवर पडली. वर दार सताड उघडं आणि दारात एक म्हातारी बाई हसतमुखाने उभी. पावलं ऐकून कुणाची तरी आई न्यायला आली असं तिला वाटलं, म्हणून तिने कडी काढली होती. "घरातील वृद्ध स्त्रीस विस्मरण होते. मुलांना इजा नाही. योग्य ती अट घालावी." आणि कोपऱ्यात पेन्सिलीने, चार.

ती वृद्ध स्त्री म्हणजे थोरलीच्या सासूबाई.

अट क्रमांक चार साधी होती. सदर व्यक्तीला मुलांजवळ एकटं सोडू नये आणि दाराला वरच्या बाजूस कडी लावावी. थोरलीने ती वाचली. मग तिची नजर यादीवरून खाली घसरली. अट क्रमांक सात. सदर व्यक्तीने कामाच्या वेळेत, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, पाळणाघराच्या जागेत असू नये.

फाईल नातेवाईकाची असेल तर त्यावर तशी चिठ्ठी लावायची आणि फाईल पुढच्या टेबलावर सरकवायची, असा नियम होता. चिठ्ठ्यांचा गठ्ठा ड्रॉवरमध्येच होता. थोरलीने ड्रॉवर उघडला, खोडरबर काढला, ड्रॉवर बंद केला, आणि मग खोडरबरही वापरला नाही. पेन्सिलीचा चार तसाच राहिला. तिने सात टाइप केला.

यात खोटं काय आहे, असं तिने स्वतःला विचारलं. सातातलं एकही अक्षर खोटं नव्हतं. नेम मोडला नव्हता, ती फक्त त्याच्या कडेकडेने चालत होती.

सासरे गेले तेव्हा सासूबाईंना दोन घरं होती. थोरलीने त्यांच्यासाठी आतली खोली तयार केली. भिंतीला नवा रंग दिला, आणि त्यांना उतरताना त्रास नको म्हणून सुताराला बोलावून पलंगाचे पाय कापून घेतले. सासूबाई तिथे एक रात्र झोपल्या. सकाळी म्हणाल्या, "खोली छान केलीस गं. घड्याळ मात्र फार ऐकू येतं." आणि धाकटीकडे गेल्या त्या गेल्याच. धाकटीकडे घड्याळ ऐकू येण्याची सोयच नव्हती. सात मुलं, त्यांची रडारड, खुळखुळे, भांड्यावर आपटलेले चमचे. बुटका पलंग थोरलीच्या घरात तसाच पडून राहिला, आणि येणारा-जाणारा विचारायचा, "लहान मुलासाठी केलाय का?" थोरलीला मूल नव्हतं. ती नाही म्हणायची आणि विषय बदलायची.

तेव्हापासून धाकटीकडे जाऊन आली की ती दोन दिवस धुमसत असायची. सासूबाई विसरू लागल्या, तशी ती आग वाढली. सासरे गेले हे त्या विसरल्या, आपलं वय विसरल्या, पण लाळेऱ्यांच्या घड्या घालायचं त्यांच्या हातांना आठवत होतं. धाकटी त्यांच्यापुढे टोपली ठेवायची. त्या एकेक लाळेरं मांडीवर पसरून घडी घालायच्या, मुलं ती उधळायची, त्या पुन्हा घालायच्या. दुपारी दोन पोरांच्या मध्ये बसून दोन्ही हातांनी दोघांना थोपटायच्या, आणि हात एकाच तालात पडायचे. थोरली एकदा दारातून ते पाहत उभी राहिली होती. आपण इथे उभ्या आहोत हे त्या घरात कुणाच्या लक्षातही आलेलं नाही, हे तिच्या लक्षात आलं होतं.

परवाना पोचल्यावर धाकटीचा फोन आला. आवाज थकलेला होता, भांडणाचा नव्हता. "ताई, आईंना दिवसभर बाहेर ठेवायला सांगितलंय. कुठे ठेवू?"

"माझ्याकडे आण," थोरली म्हणाली. उत्तर इतकं तयार होतं की तिलाच ते लवकर आल्यासारखं वाटलं.

"आणि तुमचं ऑफिस?"

"रजा आहे."

रजा होतीच. वर्षानुवर्षं साठलेली. कशासाठी साठवतेय हे तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि आता विचारणारंही कुणी उरलं नव्हतं. तिने दोन महिन्यांचा अर्ज टाकला. नवरा म्हणाला, "आईसाठी? बरं केलंस." त्याच्या तोंडून एवढं कौतुक सहसा निघत नसे.

पहिल्या दिवशी आठला दहा कमी असताना धाकटी सासूबाईंना घेऊन आली. जाताना तिने एक कापडी पिशवी पुढे केली. "यात चार लाळेरी आहेत. घडी घालायला लागतं त्यांना."

"माझ्या घरात कापडाचा दुष्काळ नाही," थोरली हसून म्हणाली, आणि दार लागल्यावर तिने ती पिशवी कपाटावर ठेवून दिली.

तिने आपले रुमाल काढले. स्वच्छ, इस्त्रीचे. सासूबाईंनी एक मांडीवर घेतला, नाकाशी नेला, आणि खाली ठेवला. "याला कुणाचाच वास नाही," त्या म्हणाल्या.

बाहेर जिन्यात पाऊल वाजलं की त्या उठायच्या, दार उघडायच्या. "कुणाची आई आली?" शेजारचे निवृत्त मास्तर भाजी घेऊन येत असायचे. पहिले दोन दिवस ते नमस्कार करत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "आजी, माझी आई यायची म्हणजे फार लांबून यावं लागेल हो."

दुपारी त्या सोफ्यावरची उशी मांडीवर घ्यायच्या आणि थोपटत बसायच्या. "झोपला हा," हळूच सांगायच्या. थोरली त्या उशीकडे बघायची. तिला उशीचाही हेवा वाटला, आणि मग आपल्याला उशीचा हेवा वाटतोय हे कळून ती स्वयंपाकघरात निघून गेली.

तरी ती हटली नाही. पहिल्या आठवड्यात सासूबाईंचे केस विंचरले, नखं कापली, गरम पाण्यात त्यांचे पाय ठेवले. दुसऱ्या आठवड्यात तिने गुपचूप कपाटावरची पिशवी काढली आणि लाळेरी त्यांच्यापुढे ठेवली. सासूबाईंचे हात लगेच चालू लागले. ते बघून थोरलीचं डोकं ठणकायला लागलं. ती तिथेच सतरंजीवर आडवी झाली, डोळ्यांवर पदर घेऊन.

थोड्या वेळाने तिच्या खांद्यावर हात पडला. मग पुन्हा. तोच ताल.

ती हललीसुद्धा नाही. श्वास जपून घेत राहिली. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती आणि या हाताने तिला कधी थोपटलं नव्हतं. थोपटायचं काही कारणच आलं नव्हतं. देवा, हे एवढं पुरे, असं ती मनात म्हणाली, आणि म्हणतानाच तिला माहीत होतं की पुरणार नाही.

"झोप गं धाकटे," सासूबाई म्हणाल्या. "दमलीस. थोरली यायची आहे ऑफिसातून. ती आली की मी उठवते तुला."

थोरलीने पदर तोंडावर तसाच राहू दिला. अंगाचा तिळपापड होतो म्हणतात तो झोपल्या जागी कसा होतो, ते तिला त्या दुपारी कळलं. तिच्या घरात, तिच्या सतरंजीवर, तिच्या खांद्यावर हात, आणि त्या हाताचं धनीपण धाकटीचं. पुढचे सगळे दिवस तेच झालं. "धाकटे, पाणी दे." "धाकटे, उजेड कर." एकदा तिने सांगून पाहिलं, "आई, मी थोरली." सासूबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि समजावणीच्या सुरात म्हणाल्या, "नाही गं. थोरली एवढ्या लवकर येत नाही."

तिसऱ्या आठवड्यात त्यांचं खाणं कमी झालं. संध्याकाळी चार वाजल्यापासून चपला हातात घेऊन दाराशी बसू लागल्या.

एकविसाव्या दिवशी आठ वाजून गेले तरी दोघी आल्या नाहीत. साडेआठला फोन वाजला.

"ताई, आज त्या नाही येणार." धाकटीच्या मागे मुलांचा गलका होता. "जिना उतरेनात. अर्ध्यावर पायरीवर बसल्या आणि लहान मुलासारख्या रडल्या. मला नाही बघवलं. आत घेतलंय मी त्यांना."

"अगं, पण अट."

"ठाऊक आहे. कुणी बघितलं तर परवाना जाईल. जाऊ दे." आणि फोन ठेवला.

अट घातल्यावर महिन्याच्या आत, न सांगता, फेरतपासणी होते हे थोरलीला ठाऊक होतं. सातवी अट मोडलेली दिसली की दुसरं काही विचारत नाहीत, परवाना रद्द होतो. ती खुर्चीवर बसली. परवाना गेला तर मुलं जातील. धाकटीचं घर मग या घरासारखं होईल, तिथेही घड्याळ ऐकू येईल. हे मनात आलं तेव्हा तिला क्षणभर बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, तहान लागली असताना पाणी मिळावं तसं. मग पाठोपाठ सासूबाई दिसल्या, मांडीवर उशी घेतलेल्या, आणि दोन्ही घरांत थोपटायला एकही पोर नाही. तिला आपल्या त्या बरं वाटण्याचीच भीती वाटली. तिने चपला घातल्या.

ऑफिसच्या दारातच तपासनीस बाई भेटल्या, खांद्याला पिशवी, हातात फाईल. फाईल थोरलीने लांबूनच ओळखली.

"अहो, तुम्ही रजेवर ना?"

"तुम्ही निघालात कुठे?"

"हीच. त्या जिन्यातल्या पोराची." तपासनीस बाईंनी फाईल उघडली. "बरं झालं भेटलात. मी इथे चार लिहिला होता, तुम्ही सात टाइप केलाय. आज फाईल काढली तेव्हा माझ्या लक्षात आलं. म्हटलं बाईंच्या हातून एकवीस वर्षांत एक चूक झाली, तिला हार घालायला हवा. टाइप करताना बोट घसरलं असेल."

वाट मोकळी होती. नुसतं हो म्हणायचं होतं. बोट घसरलं, माफ करा, चार करून देते. तपासनीस बाईंनीच ते वाक्य शिजवून ताटात वाढलं होतं.

"बोट नाही घसरलं," थोरली म्हणाली. "तुमचा चार मला दिसला होता. ती माझी धाकटी जाऊ आहे आणि त्या माझ्या सासूबाई. मी चिठ्ठी लावली नाही. सात मुद्दाम टाकला."

तपासनीस बाईंनी फाईल मिटली. "का?"

"त्या तिच्याकडे राहतात म्हणून."

तपासनीस बाईंनी पिशवी खांद्यावरून काढली. फाईल तिच्या तळाशी सरकवली. "आज माझी दुसरी दोन घरं आहेत, आधी ती करते," त्या म्हणाल्या. "तुम्ही साहेबांकडे जा. मला सांगितलंत ते त्यांना लिहून द्या, सगळं. मला माहीत झाल्यावर मी गप्प बसू शकत नाही."

"बसू नका," थोरली म्हणाली.

साहेबांनी तिचा कागद पहिल्यांदाच नीट वाचला, शेवटपर्यंत, दोनदा. ओरडले नाहीत. "आता तुमचे सगळे जुने कागद वाचावे लागतील मला," एवढंच म्हणाले, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. तिच्या सेवापुस्तकात शेरा पडला. अटींचं टेबल काढून घेतलं, तिला आवक-जावक दिली. राहिलेली रजा रद्द. काचेखालची यादी शेजारच्या टेबलावर गेली, आणि तिथल्या कारकुनाने तिच्याकडे न बघता सात खोडून चार टाइप केला. तो सुधारलेला परवाना जावक वहीत तिनेच चढवला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारचे दोन तास मागून स्वतःच घेऊन गेली.

धाकटीच्या दाराला वर नवी कडी होती, अजून रंग न दिलेली. आत मुलं झोपायच्या बेतात होती. सासूबाई दोन पोरांच्या मध्ये बसल्या होत्या आणि हात चालू होते.

थोरलीने परवाना पुढे केला. "चार झाली," ती म्हणाली. "सात मी टाकली होती. मुद्दाम."

धाकटीने परवाना वाचला, घडी घातली, लाळेऱ्यांच्या टोपलीत ठेवला. "ठाऊक होतं," ती म्हणाली. "तुमच्या ऑफिसात अटी कोण टाइप करतं हे काय मला माहीत नाही?"

"मग बोलली का नाहीस? खाली छापलेलं असतं, पंधरा दिवसांत हरकत घेता येते."

"वाचलं होतं. अर्जही आणला होता. भरला नाही."

"का?"

धाकटीने सासूबाईंकडे पाहिलं. आवाज खाली आणला, कारण एक पोर चुळबुळत होतं. "ताई, या घरात दिवसभर काय चालतं तुम्हाला माहीत आहे? थोरले, पाणी दे. थोरले, पोर रडतंय. मी अंघोळ घालते, मी भरवते, आणि हाक तुम्हाला. सांगितलं की मी धाकटी, तर म्हणतात, नाही गं, धाकटी कुठली एवढी गुणाची." ती हसली, पण नाक लाल झालं होतं. "दोन वर्षं ऐकतेय. म्हटलं जाऊ दे एकदाच्या तिकडे. दिवसा तरी माझ्या घरात तुमचं नाव निघणार नाही. मग ते पायरीवर बसून रडणं बघितलं आणि माझीच मला लाज वाटली."

थोरली खाली बसली. आपल्याकडे सासूबाई धाकटी धाकटी करत होत्या हे सांगावं का, असा विचार तिच्या मनात आला. सांगितलं असतं तर धाकटीला किती बरं वाटलं असतं हे तिला स्पष्ट दिसत होतं, आणि म्हणूनच तिची जीभ जड झाली. पण न सांगणं हेही आता कडेकडेने चालण्यासारखंच वाटलं.

"माझ्याकडे तू असायचीस," ती म्हणाली. "दुसऱ्या आठवड्यापासून रोज. झोप गं धाकटे, दमलीस, म्हणायच्या."

धाकटीने टोपलीतलं एक लाळेरं उचललं आणि तोंड फिरवून ते उगाच झटकत राहिली.

सासूबाईंनी दोघींकडे पाहिलं, तोंडावर बोट ठेवलं, आणि टोपली पायाने थोरलीकडे सरकवली. रिकामं बसलेलं माणूस त्यांना आवडत नसे. थोरलीने लाळेरं घेतलं, घडी घातली. सासूबाईंनी ते उचलून उलगडलं आणि परत तिच्या मांडीवर टाकलं.

"अशी नव्हे, धाकटे," त्या म्हणाल्या. "थोरलीला विचार. तिची घडी बघ कशी असते."

थोरलीने पुन्हा घातली. लाळेरं ओलसर होतं आणि त्याला दुधाचा वास होता. तीन वाजता तिला निघायचं होतं. आवक वही सव्वातीनला उघडते. उद्या या वेळी ती त्या टेबलावर टपाल चढवत असेल आणि इथे दिवसभर तिच्या नावाने हाका पडत राहतील, थोरले पाणी दे, थोरले पोर बघ, आणि त्या ऐकायला धाकटी असेल.

तिला त्याचाही हेवा वाटला. तिने तिसऱ्यांदा घडी घातली, आणि या वेळी सासूबाईंनी ती तशीच राहू दिली.